दुमड

खानापुरात शाळेची मापं घेतो मी, एकवीस वर्षं.
जूनमध्ये स्काउटची पोरं येतात रांगेनं,
करडा शर्ट, निळी पँट, विटकरी स्कार्फ,
हात पसरून उभी राहतात
जणू कुणी झडती घेणार आहे.
वहीत मी खांदा लिहितो.
शिवगंगा हट्टीहोळी म्हणते, भुजा.
इम्तियाज म्हणतो, कंधा.
टेपवर आकडा एकच येतो, पंधरा,
खरं पोरगं त्या आकड्यात मावत नाही,
म्हणून पँटच्या पायाला दोन बोटं कापड
आत दुमडून ठेवतो. वर्षभराची सोय.

वैजनाथ घाडी माप देताना श्वास धरून राहायचा.
बोलताना अडायचा. 'म'वर तर हटकून.
आईचं नाव मंजुळा.
फर्नांडिस सरांनी त्याला शिट्टी दिली,
शिट्टीला अक्षरं नसतात.
कोल्हा पथकाचा नायक झाला, आठ जणांत.
मलप्रभेच्या काठी तंबूच्या काठ्या बांधताना
शिवगंगा ओरडली, "गंटु सड्ल आगेती!"
आणि हा, न अडता, "बिगी कट्टु!"
कानडीत तो अडत नाही,
हे त्या दिवशी मी माझ्या कानांनी ऐकलं.
घरात सांगितलं नाही कुणी.

ऑक्टोबर सरत आला.
एक तारखेला तालुक्याच्या मैदानात राज्योत्सवाची परेड,
त्याच सकाळी काळ्या दिवसाची फेरी.
वैजूचा बाप, रवळू, दुकानात आला.
काळी फीत हवी होती, दीड मीटर.
खुंटीवरचा इस्त्री केलेला युनिफॉर्म त्यानं बघितला.
"ह्यो हितंच राहू दे. पोरगा माझ्यासंगं येतोय."
मी फीत कापली. पैसे घेतले.
दोघंही माझंच गिऱ्हाईक.

संध्याकाळी ती सात जणं आली,
चपला बाहेर काढून दारात उभी.
वैजू स्टुलावर, नखानं दोरा सोलत.
भांडतील असं वाटलं.
इम्तियाज एवढंच बोलला,
"तेरी जगा खाली रखते. कोई आगे सरकनेका नै."
शिवगंगानं डावा हात पुढं केला,
यांच्यात डावाच मिळवतात.
वैजूनं मिळवला. गेली.

एक तारखेला दुकान बंद.
मैदानाच्या भिंतीशी उभा राहून बघितलं:
कोल्हा पथक चाललं,
पुढं एका माणसाएवढी मोकळी जागा,
तिच्यामागं सात जणांचे पाय एकदम.
शेजारी कुणी विचारत होतं, पोरगं आजारी काय?
तसाच वळून स्टेशन रोडला आलो.
घोषणा चालू होत्या. दंडाला फीत बांधून वैजू,
बापाच्या शेजारी,
डावा, उजवा, डावा, उजवा,
एवढ्या गर्दीत तो एकटाच कवायतीत.
"साधं चाल की बे," रवळू खेकसला.
चार पावलं साधं चालला. परत लागला.
जरा वेळानं बघतो तर
बापाचंही पाऊल त्याच ठेक्यात पडत होतं.
त्याला कळलं होतं की नव्हतं, देव जाणे.

युनिफॉर्म खुंटीवर राहिला डिसेंबरपर्यंत.
वैजू न्यायला आला, मागं रवळू.
घालून बघितली पँट. घोटे उघडे.
"वाढलं की हे," रवळू म्हणाला,
रागानं म्हणाला की कशानं, कळलं नाही.
"तुम्ही आत सोडलाय न्हवं कापड?"
सोडलंय.
ब्लेडनं शिवण उसवली, धागे फुंकले.
आतलं कापड निघालं गडद, उन्हापाण्याला न लागलेलं,
आणि मधे जुन्या घडीची रेघ.
पाणी शिंपडलं, इस्त्री दाबली.
थोडी गेली.
"दिसंल," मी म्हटलं.
"म... म..." वैजू अडला.
आम्ही दोघं थांबलो.
रस्त्यावरून एक टेंपो गेला.
"मला चालंल."

रवळूनं खिशात हात घातला, किती झाले?
उसवायचे पैसे मी घेत नाही.